पूर्ण पैसे भरून गाडी घेतली, तरी सिबिलमध्ये कर्जाची चौकशी: ती अशी काढली

गेल्या वर्षी सोलापुरात गाडी घेतली. सगळी रक्कम आरटीजीएसने भरली (२ लाख किंवा त्याहून जास्त रोख विक्रेत्याला घेताच येत नाही), कर्ज एक रुपयाचंही नाही. महिन्याने सिबिल रिपोर्ट (आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा अहवाल) काढला, तर त्यात एका फायनान्स कंपनीची वाहनकर्जासाठी चौकशी, म्हणजे मी कर्ज मागितलं म्हणून त्यांनी माझा रिपोर्ट पाहिल्याची नोंद!

शोरूमला तीन चकरा मारल्या. "साहेब, आपोआप जाईल," एवढंच. फार संताप झाला. माझ्या बँकेचा याच्याशी संबंधच नव्हता, तिथला दिवस वाया गेला.

उपयोग झाला तो असा. आधी शोरूमकडून बुकिंग फॉर्मची प्रत घेतली. त्यात कर्जाचा रकाना कोरा होता. मग थेट त्या फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. सोबत रिपोर्टचं ते पान, बुकिंग फॉर्म, बिल, आरटीजीएसची पावती आणि कर्जबोजा नसलेलं आरसी जोडलं. मागणी एकच: माझ्या संमतीचा पुरावा द्या, नाहीतर चौकशी मागे घ्या. त्याच दिवशी सिबिलच्या साइटवर लॉगिन करून त्याच नोंदीवर डिस्प्यूट (हरकत) टाकला. दोन्ही लागतात, कारण कंपनीने कळवल्याशिवाय सिबिल नोंद बदलत नाही. मुदत ३० दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई. माझी नोंद तेविसाव्या दिवशी निघाली.

परवा मेहुण्याने गाडी बुक केली, तेव्हा पॅनच्या झेरॉक्सवर आडवं लिहायला लावलं: "फक्त बिलासाठी, कर्ज नको", खाली तारीख आणि सही. ओटीपीही मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय सांगू दिला नाही.