फ्रेंचमधला ससा इंग्लिशमध्ये नेताना

फ्रेंच कादंबरीचा इंग्लिश अनुवाद करताना वाक्प्रचार दिसला रे दिसला की लगेच त्याचा इंग्लिश जोडीदार शोधायला धावू नका. आधी बघायचं, फ्रेंच वाचकाला त्यातलं चित्र अजून दिसतं का? आपण 'पोटात कावळे ओरडतायत' म्हणतो तेव्हा कुणाला कावळा दिसत नाही, भूक लागलीये एवढंच कळतं. तसंच 'पोझे अँ लापाँ', शब्दशः ससा ठेवणे, अर्थ काय तर भेट ठरवून न जाणे. ससा तिथे केव्हाच मेलाय, 'स्टूड मी अप' लिहा आणि पुढे चला. मी सुरुवातीला ससा तसाच ठेवला होता आणि वाचणाऱ्याने विचारलं, हा ससा नंतर गेला कुठे? असो.

खरी कसोटी असते ती लेखकाने मेलेलं चित्र मुद्दाम जिवंत केलं की. 'काफार' म्हणजे झुरळ, आणि 'काफार असणे' म्हणजे उदास वाटणे. समजा वाक्य असं आहे (मीच बनवलंय): तिला काफार होता, आणि रात्री तो भिंतीमागे पळताना ऐकू यायचा. इथे 'शी हॅड द ब्लूज' लिहिलं की खेळ खल्लास, ब्लूज भिंतीमागे पळणार कसे? नुसतं झुरळ लिहिलं तर उदासी गेली. मग मी असं करते: 'ग्लूम हॅड गॉट इनटू द हाउस, अँड अ‍ॅट नाइट शी कुड हिअर इट स्कटल.' झुरळ कुठेच नाहीये, पण 'स्कटल' (तुरुतुरु पळणं) म्हटलं की सहा पाय आपोआप येतात. म्हणजे नाम गेलं तर क्रियापदात वसूल करायचं, हे मला फार उशिरा कळलं.

'आँत्र श्याँ ए लू' जरा वेगळं. कुत्रा आणि लांडगा यांच्या मधली वेळ, म्हणजे उजेड इतका कमी की समोरचा कुत्रा आहे की लांडगा ते कळू नये. नुसती वेळ सांगायची असेल तर 'डस्क' पुरे. पण त्याच अंधारातून कुणी अनोळखी माणूस चालत येत असेल तर ती भीतीच महत्त्वाची, तिथे 'द आवर व्हेन यू कान्ट टेल डॉग फ्रॉम वुल्फ' चालेल, फक्त एकदाच हं, पुढच्या पानावर परत 'डस्क'.

काही गोष्टींना हात लावूच नका. 'लेस्प्री द लेस्कालिए', म्हणजे जिना उतरताना सुचलेलं उत्तर, इंग्लिशमध्येही लोक फ्रेंचमध्येच म्हणतात.

शंका आली की 'त्रेझोर द ला लांग फ्राँसेझ' उघडा, छापील 16 खंडांचा कोश आहे पण ऑनलाइन फुकट आहे, आणि जुन्या लेखनातली उदाहरणं तारखेसकट देतो. पुस्तक 1880 चं असेल तर तेव्हाची उदाहरणं बघायची, कारण आज गुळगुळीत झालेला वाक्प्रचार तेव्हा कदाचित ताजा असेल.