डाऊनीला औषधाची ‘सवय’ लागत नाही, मग होतं काय? आणि फवारणी कशी लावायची

गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर तासगावकडच्या आमच्या द्राक्षबागंत डाऊनी (केवडा रोग) घुसली, पाऊस काय थांबायचं नाव घेईना, आणि मी पंधरा दिवसांत तीन कंपन्यांची तीन महागडी औषधं मारली. तरी सकाळी दवात पान उलटं केलं की तेलकट डागाखाली तोच पांढरा कापूस, म्हणजे रोगाची बुरशी. मग चष्मा लावून डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन, फॅमोक्साडोन. तिन्ही ग्रुप ११ चे! (औषध रोगावर नेमका कुठं घाव घालतं त्यावरून हे नंबर पाडलेत.) म्हणजे पैसे तीनदा मोजले, औषध एकच.

आपल्याकडं सगळे म्हणतात रोगाला औषधाची सवय लागली. सवय चहाची लागते. इथं होतं असं की बागंत डाऊनीचे बीजाणू (रोगाचं बारीक बी) इतके असतात की त्यातल्या एखाद्याच्या जीनमध्ये आधीच कुठंतरी एक अक्षर चुकून बदललेलं असतं, औषधामुळं नव्हे, कॉपी होताना आपसूक. ग्रुप ११ चं औषध पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रोटीनमध्ये जाऊन बसतं. त्या प्रोटीनच्या साखळीत १४३ व्या जागी ग्लायसिन नावाची कडी असते, तिथं अ‍ॅलॅनिन नावाची दुसरी कडी आली की औषधाला बसायला जागाच उरत नाही. जीनमध्ये फरक एका अक्षराचा. आपण ब्लोअर (फवारणीचं यंत्र) फिरवला की बाकीचे मेले, तेवढे राहिले, आणि पुढच्या पावसात सगळं पान त्यांचंच. म्हणजे निवड आपणच केली की! महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत हा बदल सापडल्याचं २०१६ साली छापूनही आलंय.

भुरी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगाचं अजून वेगळं. तिच्यात ग्रुप ३ चं औषध ज्या प्रोटीनवर मारा करतं, त्याच्या जीनच्या एकाऐवजी अनेक प्रती झालेल्या सापडल्यात, एवढं प्रोटीन बनवायचं की औषध पुरंना.

आता करायचं काय. औषध बदलताना ब्रँड नाही, ग्रुप बदला. डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषारीपणा सांगतो, ग्रुप नाही, त्यामुळं घटकाचं नाव वाचून नंबर शोधा (मेटॅलॅक्झिल ४, डायमेथोमॉर्फ ४०, टेब्युकोनॅझोल ३) आणि फवारणीच्या वहीत औषधाशेजारी लिहा. लागोपाठ दोनदा तोच नंबर आला तर थांबा. ग्रुप ११ हंगामात दोनदाच, तेही एकटं नको. सोबत मॅन्कोझेब किंवा तांब्याचं औषध पाहिजे, कारण ती बुरशीवर एकाच वेळी चार-पाच ठिकाणी घाव घालतात आणि तेवढे सगळे बदल एकाच बीजाणूत जमून येणं फार अवघड. फक्त काय कशात मिसळतं आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघूनच. दोन औषधांच्या तयार मिश्रणावर (कॉम्बिनेशन) पण डोळे झाकून विश्वास नको, दोघातलं एक निकामी झालेलं असलं तर उरलेलं एकटंच लढतंय.

सगळ्यात मोठं म्हणजे कापूस दिसायच्या आधी मारा. रोग वाढल्यावर मारलं तर करोडो बीजाणूंतून निवड होते, बदललेला एखादा सापडणारच.

औषध खरंच फेल आहे का हे आधी तपासा, बऱ्याचदा नोझल बुजलेला असतो आणि पानाच्या खालच्या बाजूला थेंबच पोचत नाही. मी असं करतो: एका ओळीला दुसऱ्या ग्रुपचं औषध, बाकीला नेहमीचं. चार-पाच दिवसांनी दोन्हीकडची डागाळलेली पानं वेगवेगळ्या ओल्या पिशव्यांत रात्रभर ठेवायची. सकाळी ज्या पिशवीत ताजा कापूस फुटला तिकडचं औषध मारायचं बंद करायचं.

जाता जाता, वाळव्याकडं सोयाबीन करणाऱ्यांचं नशीब बरं म्हणायचं. तांबेऱ्याच्या बुरशीत त्याच १४३ व्या जागेला लागूनच जीनमध्ये कापून काढायचा एक तुकडा येतो. तिथलं अक्षर बदललं की तो तुकडा नीट कापला जात नाही, प्रोटीनच बनत नाही आणि बुरशी स्वतःच मरते. म्हणून तिला ही पळवाट बंद. दुसऱ्या वाटा आहेत म्हणा, निवांत राहू नका.

आणि बांधापलीकडं पण बघा. बीजाणू वाऱ्यानं येतात. आमच्या शेजारच्या अण्णांना विचारलं तर त्यांनी पण गेल्या साली तोच ग्रुप ११ चारदा मारलेला. यंदा दोघांचा तक्ता एकच केलाय आणि तो त्यांच्या मोटरच्या खोलीच्या दारावर चिकटवलाय, कारण माझी वही नेहमी हरवते.