पोरांसोबत पाऊस मोजूया: एक बाटली, एक डबा आणि पंचगंगेची पातळी

पावसाळा लागला की कोल्हापुरात घराघरात एकच विषय, पंचगंगेला पाणी किती आलंय? पण ते पाणी येतं कुठनं आणि एवढं का वाढतं हे पोरांना कोण सांगत नाही. ते त्यांनी स्वतः मोजून बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि खर्च काहीच नाही.

आधी पर्जन्यमापक बनवा. सरळ बाजूची दोन लिटरची बाटली घ्या, गळा जिथं निमुळता व्हायला लागतो तिथं कापा (हे काम मोठ्यांनी करायचं). तळाला खडे टाका आणि बाजू सरळ सुरू होतात तिथपर्यंत पाणी भरा, ती शून्याची रेघ. तिथनं वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा, कापलेला गळा बूच काढून वर उलटा बसवा. टेरेसवर भिंती-झाडांपासून लांब, चार विटांच्या मधी ठेवा म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही. रोज सकाळी साडेआठला आकडा वाचून वहीत लिहायचा, हवामान खात्याची वेळ पण हीच, मग शून्यापर्यंत पाणी ओतून टाकायचं.

आता गणित. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटर टेरेसवर 20 मिलिमीटर पडला तर 1000 लिटर, म्हणजे वरची अख्खी टाकी भरेल एवढं! हे गणित पोरालाच करू द्या, तुम्ही आकडा सांगू नका.

वहीत शेजारच्या रकान्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहायची, पेपरात येतेच, इशारा 39 फूट, धोका 43 फूट. थोड्या दिवसांत पोरगंच विचारेल की आपल्याकडं उघडीप आहे तरी पाणी का चढतंय. तेव्हा नकाशा काढा, पंचगंगेला पाणी आणणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या दाखवा, गगनबावडा-राधानगरीकडचा पाऊस तिकडनं येतो आणि राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात. पूर बघायला मात्र पोरांना काठावर न्यायचं नाही, पेपरातला आकडा पुरे.

पाऊस थांबला की दुसरा प्रयोग. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा मातीत दोन बोटं दाबा, एक ग्लास पाणी ओता, मोबाईलवर वेळ लावा. एकदा झाडाखालच्या भुसभुशीत मातीत आणि एकदा गाड्या लावून घट्ट झालेल्या जागेत, दोन्हीकडं तेवढंच पाणी. झाडाखाली ते बघता बघता मुरतं, घट्ट जागेत तसंच तुंबून राहतं, आणि तेच पुढं गटारीत जातं. अंगणात फरशी घालायचा विचार असेल तर त्याआधी हा प्रयोग घरातल्या सगळ्यांना दाखवा.

आणि पाऊस नसला तरी बाटलीतलं पाणी आठवड्यातनं एकदा बदला, खडे धुवा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.