मॅग्नेटाइटच्या स्फटिकावर लेझर टाकण्याआधी

रामन यंत्राचा (लेझर टाकून परत विखुरलेल्या प्रकाशातल्या रेषांवरून पदार्थ ओळखणारं यंत्र) स्लॉट मिळाला की आधी स्फटिकाची कुंडली वहीत उतरवा. प्रयोगशाळेत वाढवलेला आहे की खाणीतला, समोरचा फलक १०० आहे की १११ (हे आकडे फलकाची दिशा सांगतात; १०० म्हणजे घनाची बाजू), शेवटचं पॉलिश कधी झालं आणि तेव्हापासून तो डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) होता की उघड्यावर. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं काळं, चुंबकीय ऑक्साइड; हवेत ते हळूहळू मॅगहेमाइट या दुसऱ्या ऑक्साइडमध्ये बदलत जातं, म्हणून ही शेवटची नोंद चुकवू नका. खडा नैसर्गिक असेल तर त्यात टायटॅनियम किती, हे माहीत हवंच. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट बहुतेक टायटॅनियमयुक्त असतं. संदर्भ नमुना म्हणून ते चालणार नाही.

पॉलिशला घाई करू नये. हिरवा लेझर या काळ्या स्फटिकात एक मायक्रॉनही शिरत नाही, तेव्हा जे दिसतं ते वरच्या काहीशे अणुथरांमधूनच. डायमंड पेस्टने ओरखडे गेले आणि फलक आरशासारखा चमकला तरी खाली मोडतोड झालेला थर उरतो, रेषा रुंद होतात. शेवटचा हात कोलॉइडल सिलिकाचा द्या, मग असिटोन आणि आयसोप्रोपेनॉलमध्ये धुऊन घ्या. चिमटा प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा घ्या. स्फटिक चुंबकीय असल्याने स्टीलच्या चिमट्याला चिकटतो, आणि टेबलावरचा लोखंडाचा बारीक कीस नेमका धुतलेल्या फलकावर येऊन बसतो.

यंत्र सुरू झालं की सिलिकॉनच्या तुकड्यावर मोजून त्याची रेषा ५२०.५ सेंमी⁻¹ (रेषांची जागा या एककात मोजतात) च्या आसपास येते ना ते बघा. त्यानंतर फिल्टर लावून लेझरची शक्ती उतरवा, आणि ती नमुन्याच्या जागी पॉवर मीटर ठेवून मोजा. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या टक्क्यांवर विसंबू नका. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच पायरी सर्वांत मोलाची. १०० पटीच्या भिंगाखाली ठिपका जेमतेम एक मायक्रॉनचा असतो. एक मिलिवॉट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्या ठिपक्यावर ते दर चौरस सेंटीमीटरला लाखभर वॉट होतात. एवढ्या उष्णतेत हवेतला ऑक्सिजन आपलं काम करतो. मॅग्नेटाइटची मुख्य रेषा ६६८ च्या आसपास. तिच्या जोडीला २२५, २९२, ४११ आणि १३२० दिसू लागल्या तर समजा, तुमच्याच प्रकाशाने तिथे हेमेटाइट (लोखंडाचं तांबडं ऑक्साइड) बनवलंय. जुन्या शोधनिबंधांत मॅग्नेटाइटच्या रेषांबद्दल जे मतभेद आढळतात, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ इथेच आहे. म्हणून मोजणीची कक्षा १५०० पर्यंत ठेवा, नाहीतर १३२० ची खूण हातची जाईल. सुरुवात मिलिवॉटच्या दशांशापासून करा, शक्ती पायरीपायरीने वाढवा, आणि दर पायरीनंतर पुन्हा सर्वांत कमी शक्तीवर येऊन पहिला वर्णपट तसाच मिळतो का ते ताडून पाहा. मिळाला नाही तर जागा बदला. संकेत क्षीण असल्याने वेळ लागेल, तो लागू द्या. वैश्विक किरणांचे खोटे टोक वगळता यावेत म्हणून प्रत्येक मोजणी निदान दोनदा घ्या.

ध्रुवीकरणासाठी स्फटिकाच्या कडा एक्स-रेने आधीच ठरवून धारकावर खूण करून ठेवा. १०० फलकावर घनाच्या कडेला समांतर ध्रुवीकरण ठेवलं की ६६८ ची रेषा ठळक येते, आणि विश्लेषक (परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेतला ध्रुवीकरणाचा फिल्टर) ९० अंशांत फिरवला की ती जवळजवळ नाहीशी होते. नाही झाली तर मांडणी तिरकी आहे किंवा पृष्ठभाग अजून खराब आहे.

थंड करून मोजायचं असेल तर द्रव नायट्रोजन पुरतो: फर्वे यांनी १९३९ मध्ये दाखवलेलं संक्रमण, म्हणजे थंडीत मॅग्नेटाइटच्या रचनेत होणारा बदल, १२० केल्विनच्या सुमारास होतं, नायट्रोजन ७७ पर्यंत नेतो. निर्वात पूर्ण झाल्याशिवाय थंड करायला घेऊ नका, फलकावर बर्फ जमतो. स्फटिक कूलिंग बोटाला (नमुना थंड करणाऱ्या धातूच्या दांड्याला) चांदीच्या पेस्टने चिकटवा. संक्रमणाखाली सममिती घटते आणि नव्या रेषा उगवतात; तापमापक ११० दाखवत असूनही त्या दिसल्या नाहीत, तर लेझरने ती जागा तापली असेल, म्हणून शक्ती आणखी उतरवून तीच जागा पुन्हा मोजा.