कचेरीत संगणक शिकवायचा तर टेबलावर

एमएस-सीआयटी, म्हणजे संगणकाचा प्राथमिक कोर्स, झालेला माणूस आणि संगणकावर काम उरकणारा माणूस एकच असतो असं नाही. कोर्स २००१ पासून चालू आहे, प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात आहे, तरी साधं स्मरणपत्र टाइप करायची वेळ आली की भाऊसाहेब शेजारच्या टेबलाकडे बघतात. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून. लोकांना शिकवायचं काम दर वेळी माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून हे लिहिते.

हॉल आणि प्रोजेक्टर नकोच. ज्याला शिकवायचं त्याच्या टेबलावर, त्याच्याच फायलीवर शिकवा. संजय गांधी योजनेच्या टेबलाला लाभार्थी यादीतली दुबार नावं कशी शोधायची ते दाखवा, आवक-जावकला नोंदवही एक्सेलमध्ये कशी घ्यायची ते. दुसऱ्याच्या टेबलाचं काम शिकवलं तर ते संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

सुरुवात टायपिंगपासून. जुन्या याद्या कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात, आणि ‘शिंदे’ शोधलं तर एकही सापडत नाही. या याद्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडून इनस्क्रिप्ट ही कळींची मांडणी शिकवा. टाइपरायटरवर बोटं बसलेल्यांना इथे खरा त्रास होतो. त्यांना आधी वेलांटी, मग अक्षर अशी सवय. इथे ‘कि’साठी आधी ‘के’ची कळ, मग ‘एफ’ची. रफाराचंही तसंच. ‘कार्यालय’ लिहिताना ‘का’ झाला की ‘जे’ची कळ म्हणजे र, ‘डी’ची म्हणजे हलन्त, आणि त्यानंतर स्लॅशच्या कळीवरचा य. रफार आपोआप वर जाऊन बसतो. हे एकदा समोर घडलेलं पाहिलं की निवृत्तीला आलेली माणसंही हसतात. सरावाला धडे देऊ नका, आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं द्या.

एक्सेलमध्ये सूत्रांच्या आधी तारीख. आपल्याकडे ०५.०३.२४ असं टिंब देऊन लिहितात. एक्सेल तिला बहुधा नुसता मजकूर समजतं, आणि मग लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची मुदत कुठल्या अर्जाची संपत आली ते काढता येत नाही. सगळ्यांनी एकाच पद्धतीने तारीख लिहायची, एवढं जरी झालं तरी निम्मी कटकट मिटते.

डिजिटल सहीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. सहीचं टोकन (संगणकाला लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन त्याला तोंडपाठ, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं. सही ज्याची, जबाबदारी त्याची. पहिल्याच दिवशी पिन बदलायला लावा, तोही आपण पाठ फिरवून.

मिशन कर्मयोगी हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम २०२० मध्ये मंजूर झाला. त्याच्या आयगॉट पोर्टलवर कोर्स भरपूर आहेत. व्हिडिओ लावून चहाला जाणारेही भरपूर. म्हणून कोर्स संपला की त्यातलं एक काम माझ्यासमोर करून दाखवा, असं मी सांगते.

पुढचा बदल मोठा आहे. ई-पीक पाहणी २०२१ मध्ये आली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. तलाठ्याचं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, लिहिण्याचं काम कमी झालं आणि तपासण्याचं वाढलं. एआयमुळे टिपणीचंही तेच होणार. त्यासाठी आत्ताच सराव द्या: मसुदा एआयकडून घ्यायला हरकत नाही, पण त्यातला शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक संकेतस्थळावर स्वतः पडताळायचा. अर्जदाराचं नाव, आधार, गट नंबर, आजाराचा दाखला यातलं काहीही चॅटबॉटला द्यायचं नाही.

आणि बदली झाली की चार्ज यादीत खुर्ची-कपाटांबरोबर पोर्टलची नावं, कार्यालयाचा मेल आयडी आणि फायली कुठल्या फोल्डरमध्ये आहेत तेही लिहून घ्या. पासवर्ड कागदावर नको; नव्या माणसाने तो त्याच दिवशी बदलायचा. डिजिटल सही मात्र चार्जमध्ये द्यायची नसते. जुन्याची पोर्टलवरून काढून नव्याची जोडायला सांगा.