एक्सएमएलमधलं मराठी डेटाबेसमध्ये बिघडतं तेव्हा: या चुका टाळा

मुंबईतल्या एखाद्या हाउसिंग सोसायटीची सभासद-यादी एक्सएमएल फाइलीतून (खुणांमध्ये माहिती मांडलेली साधी मजकूर-फाइल) डेटाबेसमध्ये चढवली आणि नावांच्या जागी भलतंच दिसलं, की बरेच जण आधी फॉन्ट बदलून पाहतात. फॉन्टचा इथे बहुधा काही संबंध नसतो. आधी काय दिसतंय ते नीट बघा. ओळीने प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं बहुधा गेली. तसं असेल तर मूळ फाइल पुन्हा चढवण्यावाचून गत्यंतर नाही. टोपी-टिंबवाली विचित्र रोमन अक्षरं असतील तर डेटा बहुतेक वेळा वाचवता येतो.

डोळ्यांवर विसंबू नका, बाइट तपासा, म्हणजे अक्षरं ज्या अंकांत साठवली जातात ते अंक. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये बाइट दाखवणारं हेक्स फंक्शन लावलं की यूटीएफ-८ मधला (अक्षरं बाइटांत लिहिण्याची, देवनागरीला चालणारी पद्धत) 'द' ई० ए४ ए६ असा दिसतो. त्याऐवजी सी३ ए० सी२ ए४ सी२ ए६ दिसलं, तर यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन-१ (फक्त रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत) समजून पुन्हा यूटीएफ-८ केले गेले आहेत. बहुतेकदा कारण असतं कनेक्शनचं कॅरेक्टर सेट, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीसाठी ठरवलेली अक्षर-पद्धत. टेबल बरोबर असूनही जोडणी लॅटिन-१ ची राहते. दुरुस्तीची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) टेबलच्या प्रतीवरच चालवा आणि बिघडलेल्या ओळींपुरतीच. चांगल्या ओळींवर चालली तर त्याच बिघडतात.

सगळ्यात फसवी चूक एक्सएमएल फाइलीच्या पहिल्या ओळीत, म्हणजे फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये (अक्षर-पद्धतीत) आहे ते सांगणाऱ्या डिक्लरेशनमध्ये असते. तिथे आयएसओ-८८५९-१ (म्हणजेच लॅटिन-१) लिहिलंय आणि आतले बाइट यूटीएफ-८ चे आहेत, तर पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) तक्रारच करत नाही, कारण त्या एन्कोडिंगमध्ये कुठलाही बाइट चालतो. चूक निमूट आत शिरते. मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर निदान अडवतो: एनव्हारचार (त्यातला युनिकोड मजकुराचा प्रकार) मजकुरात यूटीएफ-८ चं डिक्लरेशन ठेवून तो एक्सएमएल प्रकारात बदलायला गेलात, तर एरर येते. तिथे मजकूर आधीच यूटीएफ-१६ (युनिकोड लिहिण्याची दुसरी पद्धत) असतो, म्हणून ते डिक्लरेशन काढून टाका. मूळ फाइल जशीच्या तशी जपायची असेल, तर ती बायनरी कॉलममध्ये ठेवा, जिथे बाइट न बदलता साठतात.

लांबीही बघा. 'घाटकोपर' म्हणजे ७ कोड पॉइंट (अक्षरं आणि काना-मात्रा वेगवेगळे मोजून), पण यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. प्रोग्रामने २० बाइटांवर मजकूर तोडला की शेवटचा 'र' अर्धवट राहतो आणि पार्सर अख्खी फाइल नाकारतो.

मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' अक्षराला ३ बाइटच देतं. देवनागरीला ते पुरतं. मोडी लिपीला आणि बहुतेक इमोजींना ४ लागतात. नवीन टेबल करताना ४ बाइट देणारं यूटीएफ८एमबी४च घ्या.