कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम: नॉक-आउट संपतं आणि वजाबाकी सुरू होते

कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल संघात नाव लागलं की घरचे-दारचे विचारतात, ट्रायल कशी झाली, जर्सीचा नंबर कोणता मिळाला. हंगाम केवढा असतो ते कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांचा हंगाम ४० मिनिटांचा असतो. जुलैपासून पहाटे उठून पळायचं, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत तगडं कॉलेज समोर आलं की दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये वर्ष आटोपतं. नॉक-आउट म्हणजे हेच. पचायला जड आहे, पण जूनमध्येच पचवलेलं बरं.

ज्यांना ट्रॅव्हल आणि डबल ड्रिबल समजावून सांगावं लागत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यातही ज्याच्या गळ्यात यंदा कॅप्टनपद पडलंय त्याच्यासाठी, कारण कॉलेजच्या संघात कॅप्टन म्हणजे अर्धा मॅनेजर आणि उरलेला अर्धा हमाल.

शिडी थोडक्यात अशी. आधी आपल्या विभागातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. तिथून निवडलेली मुलं आंतरविभागीयला, तिथून विद्यापीठाच्या शिबिराला, आणि शिबिरातून बारा जणांचा संघ. तो संघ एआययूच्या (भारतीय विद्यापीठ संघाच्या) पश्चिम विभागीय स्पर्धेत महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथल्या विद्यापीठांशी भिडतो आणि पहिले चार अखिल भारतीयला जातात. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव वेगळा. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स त्याच्याही पुढची पायरी. यात एक दिलासा आहे: कॉलेजचा संघ पहिल्या फेरीत गारद झाला तरी खेळाडू पुढे जाऊ शकतो. निवड समितीचे लोक हरणाऱ्या संघातलं पोरगंही बघतात. वीसने मागे असताना डिफेन्सला कोण परत धावतंय, हे तर मुद्दाम बघतात.

कागदांबद्दल फार लिहीत नाही. पात्रता फॉर्म, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची मार्कशीट, चालू वर्षाची फी पावती, ओळखपत्र, प्राचार्यांची सही आणि शिक्का. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, एका फाइलमध्ये, आणि ती फाइल कॅप्टनच्या बॅगेत. जिमखान्यात ठेवली की जिमखान्याची किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका त्या दिवशी रजेवर असतो. फॉर्मवरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, एवढ्यावरही टेबलावर अडवतात.

सरावाची खरी अडचण पावसाळा आहे. आपली बहुतेक मैदानं सिमेंटची आणि उघडी. रिंगखाली पाणी साचतं, वरून कोरडं दिसतं आणि लेअपच्या (धावत येऊन रिंगजवळून बॉल टाकण्याच्या) शेवटच्या पावलाला पाय सटकतो. दोन गोणपाटं जिमखान्यात कायमची ठेवा, रोज पहिली दहा मिनिटं दोघांनी रिंगखालचं पाणी टिपायचं. सिमेंटवर मऊ तळव्याचे महागडे इनडोअर बूट घालू नका, दोन महिन्यांत तळवा गुळगुळीत होतो. बूट घेताना नखाने तळवा दाबून बघा, सहज खड्डा पडत असेल तर तो लाकडी कोर्टासाठीचा आहे.

घोटा मुरगळणं हा या खेळाचा करच म्हणा. रिबाउंडला (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला) उडालेला खेळाडू दुसऱ्याच्या बुटावर उतरतो आणि पाय आत वळतो. मुरगळल्यावर लगेच तेल लावून चोळायचं नाही, कोणाची आजी कितीही पटाईत असली तरी. बर्फ, दाबपट्टी, पाय वर. चार पावलं टाकता येत नसतील तर थेट एक्स-रे. परत कधी खेळायचं हे सूज बघून ठरवू नका. त्याच एका पायावर दहा उड्या न लंगडता मारता आल्या, मग कोर्टवर आडवंतिडवं पूर्ण वेगात पळता आलं, की मग. ‘स्प्रे मारून उतर’ म्हणणारा सीनियर पुढच्या वर्षी पास आउट होऊन जातो, घोटा तुमच्यापाशीच राहतो.

फ्री थ्रोचा (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) सराव जवळजवळ सगळे चुकीचा करतात. उभं राहून पन्नास टाकायचे आणि चाळीस गेले म्हणून खूश व्हायचं. सामन्यात पन्नास मिळत नाहीत, दोन मिळतात, तेही धाप लागलेली असताना. म्हणून २८ मीटरच्या कोर्टवर चार वेळा एंड लाइन टू एंड लाइन पळा, लाइनवर या, दोन टाका, परत पळा. असे दहा संच. वीसपैकी तेरा-चौदा गेले तरच शेवटच्या मिनिटात तुमच्या हातात बॉल द्यावा. सुरुवातीला नऊच जातील. जाऊ द्यात, सगळ्यांचे तेवढेच जातात.

टेबलाकडचे नियम कॅप्टनला तोंडपाठ हवेत. खेळाडूंची यादी सामन्याच्या ४० मिनिटं आधी द्यायची. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच जण उभे राहिले नाहीत तर सामना ०-२० ने गेला आणि गुणतक्त्यातले गुणही शून्य. खेळून हरलात तर निदान १ गुण मिळतो. ट्रॅफिक हे कारण टेबलावर चालत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ज्याचं नाव पहिलं त्याने फिकट रंग घालायचा, तेव्हा दोन्ही रंगांचे संच न्या. टाइम-आउट पहिल्या हाफमध्ये २, दुसऱ्यात ३, आणि त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त २. उरलेले पुढच्या हाफला मिळत नाहीत. पुष्कळ स्थानिक मैदानांवर शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत दाखवणारं घड्याळ) नसतं, टेबलवरचा एक जण स्टॉपवॉचवर २४ सेकंद मोजतो. त्याला वैतागू नका, आपल्या बेंचवरच्या एकाला मनात मोजायला बसवा आणि १६ झाले की ओरडायला सांगा. रिंगला लागून बॉल परत आपल्याच हातात आला तर २४ मिळत नाहीत, १४ मिळतात, हे पहिल्या वर्षाची मुलं हमखास विसरतात.

आता खरा खड्डा. इथे मी लांबण लावणार आहे.

बऱ्याच स्पर्धा नॉक-आउट-कम-लीग असतात. शेवटचे चार संघ उरेपर्यंत नॉक-आउट, मग चौघांची लीग, प्रत्येकाचे तीन सामने. नॉक-आउटमध्ये १ ने जिंका नाहीतर ४० ने, फळ सारखंच. तीन-चार दिवस संघाच्या अंगात हीच सवय मुरते: मागे असलो तर फाउल कर, घड्याळ थांबव, तीन पॉइंटचे शॉट मार, हरायचंच असेल तर पाचने काय आणि पंधराने काय. लीग सुरू होते त्या सकाळी ही सवय विष होते आणि संघाला कोणी सांगत नाही.

उदाहरण घ्या. तुम्ही, ब, क आणि ड. पहिले दोन पुढे जाणार. तुम्ही ब ला ३ ने हरवलं. ब ने क ला ९ ने हरवलं. ड सगळ्यांकडून हरतोय, त्याला तुम्ही ४८ ने धुतलं आणि रात्री मेसमध्ये जल्लोष केला. शेवटच्या दिवशी तुमचा सामना क शी. क जिंकला तर तुम्ही, ब आणि क तिघांचे दोन-दोन विजय. एकमेकांत प्रत्येकाचा एक विजय, एक हार. मग पॉइंटचा फरक (केलेले वजा खाल्लेले) बघतात, आणि तो फक्त या तिघांच्या आपसातल्या सामन्यांचा. ड विरुद्धचे ४८ तिथे धरतच नाहीत. सगळ्या सामन्यांचा फरक लागतो तो पार पुढच्या निकषांत, आणि बहुतेक वेळा तिथवर गाडी पोचतच नाही.

ब चा हिशोब: उणे ३, अधिक ९, म्हणजे अधिक ६. तुमचा: अधिक ३, वजा क कडून जितक्याने हराल तितके. क चा: तेवढेच अधिक, वजा ९. क कडून ५ ने हरलात तर तुमचे उणे २, क चे उणे ४, तुम्ही दुसरे. ६ ने हरलात तर दोघांचे उणे ३, ब वर निघून जातो, बरोबरी तुमच्या दोघांतच उरते, आणि आपसातला सामना क ने जिंकलेला, म्हणून तुम्ही तिसरे. ७ पासून तर तुम्ही सरळच तिसरे. म्हणजे सामना सुरू होण्याआधी, नाश्त्याचे पोहे खाताना, हा आकडा काढता येतो: हरलो तरी ५ च्या आत.

आता शेवटची सत्तर सेकंदं बघा. तुम्ही ५८-६३ ने मागे. नॉक-आउटची सवय जागी होते. क्वार्टरमधले चार टीम फाउल आधीच झालेले, त्यामुळे तुमच्या प्रत्येक फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो. फाउल, दोन्ही गेले, ६५. तुमचा घाईतला तीनचा बोर्डला लागून बाहेर. परत फाउल, एक गेला, ६६. इनबाउंडला (बाहेरून बॉल आत टाकताना) बॉल घालवला, लेअप, ६८. फाउल, दोन, ७०. हाफ कोर्टवरून एक आशेचा शॉट, तिकडून शेवटचा लेअप, ७२. हरलात १४ ने. तुमचे उणे ११, क चे अधिक ५. पाचची हार खिशात होती, फाउल न करता नुसतं मागे पळून डिफेन्स केला असता आणि आपले २४ सेकंद पुरेपूर वापरून एक सोपा शॉट घेतला असता तर पुढे गेला असतात. कोणी वाईट खेळलं म्हणून हे होत नाही. सगळे जीव तोडून खेळतात, फक्त चुकीच्या स्पर्धेचा शेवट खेळतात. हा हिशोब लिहितानाही पोटात ढवळतं.

उलट बाजूही तेवढीच खरी. ब विरुद्ध २० ने पुढे आहात, चौथ्या क्वार्टरला सर म्हणतात, बेंचवरच्या पोरांनाही खेळू दे. भावना चांगली, सामना चुकीचा. बेंचला ड विरुद्ध पूर्ण दोन क्वार्टर द्या, तिथला फरक कोणाला नको असतो. ब विरुद्ध ३ चे २० झाले असते तर वरचा सगळा तक्ताच बदलला असता.

तीन गोष्टी पक्क्या करा. बरोबरी दोघांतच असेल तर आपसातला सामना ज्याने जिंकला तो वर, फरकाचा प्रश्नच येत नाही. ओव्हरटाइममधले पॉइंटही फरकात धरतात. आणि मॅनेजर मीटिंगमध्ये उभं राहून विचारा की बरोबरी कशी सोडवणार. जुन्या नियमपुस्तकात वजाबाकीच्या जागी केलेले भागिले खाल्लेले असा भागाकार होता आणि काही आयोजक अजून तोच करत बसतात. विचारायला लाजू नका, निम्म्या मॅनेजरांना तोच प्रश्न पडलेला असतो. आकडा मार्करने क्लिपबोर्डच्या मागे लिहा आणि शेवटच्या टाइम-आउटला पाचही जणांना दाखवा.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. मोबाइलवर क्रॉसओव्हर शिकवणाऱ्या व्हिडिओंनी आपल्या पोरांचं जितकं नुकसान केलंय तितकं सिमेंटनेही केलं नसेल. दोन्ही हातांनी लेअप न येणारा मुलगा स्टेप-बॅक (मागे सरकून घेतलेला शॉट) मारतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा जुन्या खेळाडूंच्या मैदानावर जाऊन मार खा. मुंबईत नागपाड्याचं मस्तान वायएमसीए आहे, जिथल्या बास्केटबॉलने भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्कारविजेता अब्बास मुंतसिर दिला. अशा ठिकाणी चाळिशीतला काका कोपराने अलगद ढकलून तुमचा रिबाउंड काढून नेतो आणि जागा कशी धरायची ते एका संध्याकाळीत कळतं. फी काही नाही, फक्त अपमान.

बेंचवर बसलेल्यांनी निराश होऊ नये. बारावा खेळाडूही स्कोअरशीटवर असतो, फाउल आणि घोटे मिळून त्याची पाळी येतेच. रोज जोडीला एक वही ठेवा: समोरच्या संघात डावखुरा कोण, चार फाउल कोणाचे झालेत. अशी वही ठेवणाऱ्याला कॅप्टन विसरत नाही.

शेवटी प्रमाणपत्र. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी कोणत्या गटाला कोणत्या पातळीची स्पर्धा लागते ते ताज्या शासन निर्णयात बघा, मित्राच्या तोंडून ऐकू नका. नाव, वर्ष, क्रमांक आणि सही हे मैदान सोडण्याआधी तिथल्या तिथे तपासा. आणि सामन्याच्या निकालावर हरकत असेल तर कॅप्टनची सही निषेधाच्या रकान्यात सामना संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत पडली पाहिजे. जर्सी बदलायला गेलात तर पेन टेबलावरून हललेलं असतं.